किडे पडले, पण कुठून?

श्रावणातली दुपार. बाहेर झड लागलीय, ओट्यावरचा दिवा भरदुपारी लावावा लागलाय. तुम्ही तांदळाचा डबा उघडता आणि आतून तो ओळखीचा कोंदट वास येतो. वरचा थर हलतोय. सोंडे! तिळाएवढे, काळपट तपकिरी, पुढे हत्तीसारखी इवलीशी सोंड. "शी, किडे पडले तांदळात," तुम्ही म्हणता.

पडले म्हणजे कुठून पडले? झाकण तर घट्ट लावलेलं होतं, आणि वरून पडायला डब्यात आभाळ नाही. पण आपण असंच बोलतो. आंब्यात अळी पडते, जखमेत किडे पडतात, केसांत उवा होतात, चण्याला भुंगा लागतो. या वाक्यांत अंडी घालणारी आई कुठे नाही. वस्तू कुजते, दमटते, आणि तिच्यातून जीव निघतो. सतराव्या शतकापर्यंत जवळजवळ साऱ्या जगाचं जीवशास्त्र हेच होतं. शास्त्र आपण सोडलं, क्रियापद तेवढं ठेवलं.

तांदूळ सुपात ओता आणि पाखडायला लागा. एक सोंडा तुमच्या बाहीवर चढेल. चढू द्या, त्याला घेऊनच जायचंय.

नाक धरा. जुलैचा मध्य आहे, गाव फ्लॉरेन्स, सतराव्या शतकाची साठी उलटलेली. तुम्ही उभे आहात त्या खोलीत मांस सडतंय, आणि तेही मुद्दाम सडवलेलं. टेबलावर रुंद तोंडाचे काचेचे आठ चंबू. एकात मेलेला साप, एकात नदीतले मासे, एकात आर्नो नदीतले चार वाम, एकात वासराच्या मांसाचा तुकडा. उरलेल्या चारांत पुन्हा हेच. फरक इतकाच की चार चंबूंची तोंडं कागद आणि दोऱ्याने आवळून बांधलीत, चारांची उघडी आहेत.

हा खटाटोप फ्रान्चेस्को रेदी नावाच्या गृहस्थाचा. मेदिची घराण्यातल्या ग्रँड ड्यूकचा हा खास वैद्य. फावल्या वेळात कविताही करतो. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात याबद्दल त्याच्या भोवती कुणाला शंका नाही. ब्रसेल्सच्या व्हान हेल्मॉन्टने तर कृतीच लिहून ठेवलीय: मळका सदरा गव्हाच्या भांड्यात कोंबा, एकवीस दिवसांनी उंदीर तयार. विटेत खड्डा पाडून बेसिलचा, म्हणजे आपल्या तुळशीच्या भावंडाचा पाला भरा, वर दुसरी वीट ठेवून उन्हात सोडा, विंचू तयार. हसू नका. 'गॅस' हा शब्द जगाला देणारा रसायनज्ञ तो हाच.

चार दिवस जातात. उघडे चंबू वळवळू लागतात, बांधलेल्यांत नुसती घाण. लगेच आक्षेप येतो आणि तो खुळा नाही: तोंड बांधून तुम्ही हवाच अडवलीत, मग आत प्राण येणार कुठून? म्हणून रेदी कागद काढतो आणि नेपल्सच्या तलम जाळीचं फडकं बांधतो. हवेला वाट आहे, माशीला नाही. आता वाकून बघा. एक माशी वासावर येते, जाळीवर बसते, दोन पावलं चालते, मागचा भाग टेकवते आणि बारीकसं पांढरं काहीतरी तिथेच ठेवून उडून जाते. अळ्या होतात त्या जाळीवर. खालच्या मांसात एकही नाही. एवढंच. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत एका फडक्यापाशी अडली. 1668 साली रेदीने हे सगळं पुस्तकात छापलं.

तुम्हाला वाटेल, धर्माचं नाक कापलं. पण रेदी चांगला श्रद्धाळू आहे. त्याच्या मते निर्मात्याच्या आज्ञेवरून धरणीने आरंभी एकदाच झाडं आणि प्राणी प्रसवले. त्यानंतर तिची कूस थांबली, पुढचं सगळं बीजातून. म्हणजे अळ्या आपोआप होत नाहीत, हा त्याला देवाच्या बाजूचा पुरावा वाटतो. गंमत म्हणजे ओकच्या झाडावर गाठी येतात, त्यांतले किडे मात्र झाडच जन्माला घालतं असं तो मानत राहिला. तिथे त्याने जाळी बांधली नाही.

बाहीवरचा सोंडा आहे ना? अजून मागे चला, आणि आपल्याकडे.

शेणाने सारवलेलं अंगण, कडेला गोवऱ्यांचा ढीग. आद्य शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रांवरचं भाष्य लिहून झालंय आणि शिष्य ते घोकतायत. प्रश्न मोठा आहे: चेतन ब्रह्मापासून अचेतन जग कसं होईल? कारणासारखंच कार्य हवं ना? उत्तरादाखल आचार्य रोजच्या बघण्यातला दाखला देतात. माणूस चेतन, पण त्याचे केस आणि नखं अचेतन. शेण अचेतन, पण त्यातून विंचू होतात. मग कारणाहून वेगळं कार्य होत नाही असं कसं म्हणता? तुमच्या शेजारी एखादा चार्वाकवादी बसला असेल तर तो मान डोलावेल, पण आपल्या कारणासाठी: किण्व मिसळलं की मद येतो तसं चार भूतं एकत्र आली की चैतन्य येतं, त्याला ब्रह्म कशाला हवं? आस्तिक आणि नास्तिक दोघेही जडातून जीव काढतायत आणि निष्कर्ष दोन टोकांचे. आपल्या परंपरेतही एकवाक्यता नाही. ऐतरेय उपनिषद प्राण्यांचे चार वर्ग सांगतं, अंडज, जारुज, स्वेदज, उद्भिज्ज. त्यातला स्वेदज म्हणजे घामातून, उष्म्यातून होणारा. छांदोग्य मात्र तीनच बीजं मोजतं आणि स्वेदजाला वेगळं पान वाढत नाही.

वाद रंगू द्या. तुम्ही हळूच उठून ढिगातली खालची गोवरी उचला. बेतानं. खाली विंचवाची मादी आहे आणि तिच्या पाठीवर पांढुरकी पिल्लं दाटीवाटीने बसलीत. विंचू अंडी घालत नाही, पिल्लं देतो, आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरून फिरतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! ज्या कुणी ही म्हण पाडली त्याने गोवरी उचलून बघितली होती, असं मला नेहमी वाटतं. दाखला एका तोंडात, म्हण दुसऱ्या तोंडात, आणि मधे चार हातांचं अंगण. ते ओलांडून कुणी आचार्यांना हाक मारली नाही.

पुढच्या शतकांतून भरभर या, पण अठराव्या शतकात क्षणभर थांबा, कारण इथे दोन पाद्री भांडतायत. इंग्लंडचा नीडहॅम मांसाचा रस्सा तापवून, बुचं लावून ठेवतो आणि त्यात सूक्ष्म जीव दिसल्यावर म्हणतो, हे आपोआप झाले. इटलीचा स्पालांझानी काचेचं तोंडच वितळवून बंद करतो, तासभर उकळतो, आणि त्याच्या चंबूत काही होत नाही. दोघेही कॅथॉलिक धर्मगुरू. नीडहॅमची सर्वांत जास्त टिंगल कुणी करावी? चर्चचा हाडवैरी व्हॉल्टेअर याने. जीव आपोआप होऊ लागले तर नास्तिकांचं फावेल, ही त्याची काळजी. बाजू अशा अदलाबदल झाल्यावर 'धर्म विरुद्ध विज्ञान' ही पाटी नेमकी कुणाच्या गळ्यात अडकवायची?

7 एप्रिल 1864. पॅरिस, सोर्बोनचं सभागृह, संध्याकाळ. बायकांच्या झग्यांची सळसळ, सुगंधांचा दर्प. अलेक्झांडर द्युमा आलाय, जॉर्ज सँड आलीय, राजघराण्यातली माथिल्द आलीय. लुई पाश्चर सगळे दिवे मालवायला सांगतो. अंधार. मग प्रकाशाची एकच तिरीप सभागृहातून सोडतात. बघा, तुमच्या नाकासमोर हजारो धूलिकण तरंगतायत. सकाळी कौलातून कवडसा पडला की माजघरात दिसतात ना, तेच. याच धुळीवर स्वार होऊन जंतू येतात, पाश्चर सांगतो.

मग तो चंबू दाखवतो. पोट गोल, मान राजहंसासारखी आधी खाली आणि मग वर वळवलेली, टोक उघडं. आत साखर घातलेलं यीस्टचं पाणी, उकळून ठेवलेलं. आत हवा हवी तेवढी जाते, पण धूळ मानेच्या वळणात अडकते. पाणी स्वच्छ, महिने लोटले तरी. मान मोडली, किंवा चंबू तिरपा करून पाणी त्या वळणापर्यंत नेऊन आणलं, की थोड्याच दिवसांत गढूळ. स्पालांझानीच्या बंद चंबूला हवेविषयीची जी शंका उरली होती ती काचेच्या एका वळणाने फेडली. यातली कारागिरी मला पाश्चरच्या वक्तृत्वाहून मोठी वाटते.

पण वक्तृत्वाकडेही कान द्या. जडातून जीव आपोआप होत असेल तर निर्मात्याचं काम काय उरलं, हा प्रश्न तो स्वतःच सभेपुढे टाकतो. असा प्रश्न टाकायला त्याच्याकडे कारण होतं. डार्विनच्या 'ओरिजिन' या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद दोन वर्षांपूर्वी चर्चवर कोरडे ओढणाऱ्या प्रस्तावनेसकट निघालाय. पॅरिसमध्ये 'आपोआप जन्म' हा शब्द भौतिकवाद्यांच्या खाती जमा आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी प्रयोगशाळा आणि वेदी एकाच बाकावर बसल्यायत.

हरलेला पक्ष रूआँचा फेलिक्स पूशे. तो नास्तिक नव्हताच. आपोआप जन्म हाही ईश्वराचाच नियम, असं त्याचं म्हणणं. पाश्चरने आल्प्समधल्या हिमनदीवर नेऊन वीस चंबू उघडले होते, त्यांतला एकच नासला. पूशे पिरेनीजच्या डोंगरात गेला, त्याचे सगळे नासले. लोक म्हणाले, याचे हात अस्वच्छ. हात स्वच्छ होते. पूशेच्या चंबूत वाळल्या गवताचा काढा होता आणि गवतावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. हे कोन आणि टिंडल या शास्त्रज्ञांनी 1870च्या दशकात दाखवलं. तोवर फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने निकाल पाश्चरच्या बाजूने देऊन टाकला होता. निकाल बरोबर होता. हरलेला माणूस खोटं बोलत नव्हता, तो बंद भांड्यात आधीच बसलेल्या पाहुण्याकडून हरला होता. हा पाहुणा लक्षात ठेवा.

आता अडचण बघा कशी झाली. जीव जिवातूनच होतो हे सिद्ध झालं. मग पहिला?

1871च्या फेब्रुवारीत केंट परगण्यातल्या डाऊन हाऊसमध्ये डार्विन आपला मित्र हूकर याला पत्र लिहितोय. खांद्यावरून डोकावा, त्याला कळणार नाही. एखाद्या छोट्या उबदार डबक्यात अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार असावेत, वर ऊन, ऊब, वीज मिळावी, तर एखादं प्रथिन घडलं असेल का, असं तो चाचपडत मांडतोय. आज असं काही घडलं तरी हजर असलेले जीव ते लगेच फस्त करतील, हेही जोडतो. छापायचं धाडस नाही, पत्रातली कुजबुज. याच माणसाने 'ओरिजिन'च्या दुसऱ्या आवृत्तीत 'निर्मात्याने' हा शब्द घातला होता आणि पुढे 1863 साली हूकरलाच कळवलं होतं की लोकांपुढे मान तुकवली याचा पस्तावा होतो.

डबक्याची कल्पना पुढे मॉस्कोत ओपारिनने 1924 साली आणि इंग्लंडात हाल्डेनने 1929 साली स्वतंत्रपणे उचलली. हाल्डेन पक्का नास्तिक, मार्क्सवादी. 1957 साली तो कलकत्त्याला आला, भारतीय नागरिक झाला, धोतर-कुडत्यात वावरला, हिंदू ग्रंथ आवडीने वाचत राहिला, आणि 1964 साली भुवनेश्वरला वारला. त्याचा देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. कुठल्याच खणात न मावणारी अशी माणसं या विषयात पदोपदी भेटतात.

शिकागो, 1952. स्टॅन्ली मिलर बावीस वर्षांचा विद्यार्थी, त्याचा गुरू नोबेल मिळवलेला हॅरल्ड युरी. काचेच्या नळ्यांचं बंद कडं: खाली पाणी उकळतंय, वरच्या गोलात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, आणि त्यात चट् चट् ठिणग्या. दुसऱ्या दिवशी सकाळी या. पाणी गुलाबी झालंय. आठवडाभराने गडद लाल आणि गढूळ. मिलर त्याचे थेंब गाळणकागदावर पसरवतो, निनहायड्रिन फवारतो, कागदावर जांभळे डाग उमटतात. ग्लायसिन. ॲलनिन. प्रथिनांच्या विटा, कुणीही जिवंत हजर नसताना. 15 मे 1953च्या 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. देवाने जीव असा केला नसेल तर एक चांगली संधी हुकवली, असं युरी गमतीने म्हणाल्याचं सांगतात.

पण विटा म्हणजे घर नाही. त्या वेळची हवा मिलरने घेतली तेवढी हायड्रोजनने भरलेली नसावी, असं पुढे बहुतेकांचं मत झालं. आणि काचेत आजतागायत कुणीही जडातून जिवंत पेशी घडवलेली नाही. हे श्रद्धाळूंनी ऐकवावं लागू नये, शास्त्राच्या बाजूच्यांनी स्वतःहून सांगावं. आपल्याकडे उलट चालतं. एकजण म्हणतो सगळं सिद्ध झालंय, दुसरा म्हणतो सगळं वेदात आहे. त्याच ऋग्वेदात नासदीय सूक्त आहे, आणि सृष्टी कुठून झाली हे वरच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नसेल, अशी शंका ते मोकळेपणी घेतं. दोघांनीही ते वाचावं.

प्राणवायूचं नळकांडं पाठीला बांधा. चार अब्ज वर्षं मागे जायचंय आणि तिथल्या हवेत श्वास घेण्याजोगं काही नाही. चंद्र जवळ आहे, केवढा मोठा दिसतोय! दिवस लहान, भराभर मावळणारा. गवत नाही, शेवाळ नाही, कुजण्याचा वाससुद्धा नाही, कारण कुजवायला कुणी नाही. पायाशी एक कोमट डबकं, कडेला सुकत आलेली साय. तुम्ही उकिडवे बसता. हीच का ती जागा? ती साय भिजते, सुकते, पुन्हा भिजते. जिवंत केव्हा झाली म्हणायची? इथे माशी बसत नाही, जाळी बांधून उपयोग नाही. तासभर बसून कंटाळा येईल. तुमच्या डोळ्यांदेखत घडलं तरी तुम्हाला कळणार नाही.

येता येता हैदराबाद. जानेवारी 2001, एक अजस्र फुगा वर चाललाय, एक्केचाळीस किलोमीटरपर्यंत. मागे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर, इस्रो आणि इतर संस्थांचे शास्त्रज्ञ. फ्रेड हॉईल आणि विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांचा दावा होता की जीवांची बीजं अंतराळातून येतात. नारळीकर म्हणाले, वरची हवा भरून आणून बघू. जंतू मिळाले. 2005च्या दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांतून तीन नव्या जाती निघाल्या आणि 2009 साली एकीला हॉईलचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. ते वरून खाली आले की इथूनच वर गेले, याचा निर्णय झालेला नाही. वरून आले असं ठरलं तरी पहिला जीव कुठे झाला हा प्रश्न जागचा हलत नाही, फक्त पत्ता बदलतो. तरी हवा भरून आणणं मला आवडतं. फुगा काय, फडकं काय, भाऊबंदच.

घरी पोचलात. पाऊस थांबलाय, सूप तसंच पुढ्यात आहे, बाहीवरचा सोंडा पुन्हा तांदळात उतरलाय. आणि तुमची रास्त तक्रार: झाकण घट्ट होतं, रेदीचं सगळं पाळलं होतं, तरी किडे आलेच ना?

चार दाणे तळहातावर घ्या, खिडकीशी जा. एखाद्यावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसेल. ते आतला सोंडा मोठा होऊन बाहेर पडतानाचं. सोंड्याची मादी सोंडेने दाणा कोरते, आत एक अंडं घालते आणि वर चिकट स्राव लावून तोंड लिंपून टाकते. लिंपलेला दाणा बाहेरून कुणाला ओळखू येत नाही. अळी आतच वाढते, आतच कोष करते. दुकानातून आणलात तेव्हाच ती आत होती, पूशेच्या गवतातल्या बीजाणूंसारखी. तेव्हा पुढच्या खेपेचा तांदूळ आणलात की डब्यात भरण्याआधी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी मरतात.